उरलेलं अर्धं पिंप

त्यानं मान दुसरीकडे वळवली. घडलं ते इतकंच, पण अजून मनातून जात नाही. उत्तरेकडच्या एका खडीच्या धावपट्टीवर आम्ही संध्याकाळी उतरलो होतो. सूर्य क्षितिजाशी रेंगाळत होता, डास कानाशी गुणगुणत होते, आणि तिथल्या एकट्या माणसानं, साठी केव्हाच ओलांडलेल्या, पिंपाला हातपंप लावून आमच्या विमानाच्या दोन्ही टाक्या भरून दिल्या होत्या. दंड भरून येईपर्यंत त्यानं पंप मारला होता. मग थोडा वेळ जाऊ दिला आणि मी पंखाखाली ओणवी होऊन टाकीच्या तळाच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात नमुना काढला. आकाशासमोर धरला. हुंगला. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले. तो माझ्याकडे बघत उभा होता. मी पेला दुसऱ्यांदा वर धरला तेव्हा त्यानं मान फिरवली आणि दूर डोंगराकडे बघत राहिला. मला वाटलं, आपण याच्या घरी जेवायला बसलोय आणि यानं वाढलेलं ताट उजेडात धरून न्याहाळतोय.

नमुना स्वच्छ होता.

पेल्यात काय बघायचं ते ठरलेलं असतं. शंभर एलएल जातीचं विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. तो रंग ओळख पटावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जातं आणि पेला हलवला की गोल थेंब होऊन घरंगळतं. पण सबंध पेलाच पाण्यानं भरला तर थर दिसणार कुठून? म्हणून आधी निळेपणा आहे ना, ते बघायचं. जेट विमानांचं इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेलच. ते बिनरंगी किंवा पिवळसर, बोटांना तेलकट लागतं आणि कागदावर डाग सोडतं. पेट्रोल मात्र तळहातावरून बघता बघता उडून जातं आणि मागे गारवा ठेवतं. पिस्टन इंजिनाला, म्हणजे लहान विमानांतल्या मोटारीच्या धर्तीच्या इंजिनाला, चुकून जेटचं इंधन मिळालं तर ते जागच्या जागी बंद पडतं असं नाही, आणि भीती नेमकी तिथेच आहे. नळ्यांमधल्या उरल्यासुरल्या चांगल्या पेट्रोलवर ते सुरू होतं, धावपट्टीपर्यंत जातं, कधीकधी जमीनही सोडतं. त्यानंतर वैमानिकाच्या हातात उरतात काही सेकंद आणि समोर दिसेल ती जमीन.

बॉब हूव्हर यांच्यासारख्या निष्णात वैमानिकावर 1978 मध्ये सॅन डिएगोजवळ हीच वेळ आली. त्यांच्या दोन पिस्टन इंजिनांच्या विमानात जेटचं इंधन भरलं गेलं होतं. उड्डाण झाल्यावर दोन्ही इंजिनं गेली, तरी त्यांनी विमान एका घळीत उतरवलं आणि सगळे वाचले. त्यानंतरची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या तरुण मुलानं ते इंधन भरलं होतं, त्याला त्यांनी जवळ घेतलं आणि सांगितलं की उद्या माझं विमान तूच भरायचं. पुढे जेटच्या इंधनाच्या नळीचं तोंड रुंद करण्याची पद्धत आली, पिस्टन विमानाच्या टाकीत ते शिरूच नये म्हणून. त्या तोंडाला आजही त्यांचंच नाव आहे. पण हे सगळं जिथे पंप आहेत तिथलं. पिंपाला आणि नरसाळ्याला असलं काही तोंड नसतं. तिथे असतात पत्र्यावरची अक्षरं आणि माणसाचे डोळे. म्हणजे माझं बघणं योग्यच होतं. ते ठाऊक असूनही ती वळलेली मान मला खुपत राहिली.

लहान विमानातून दूरच्या मुलखात जाणाऱ्याला लोक विचारतात, किती मोकळं वाटत असेल ना? वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नकाशा पसरून बसलं की त्या मोकळेपणाचा आकार दिसतो. सेसना 172 च्या टाक्यांत 212 लिटर पेट्रोल मावतं, तासाला तीस-पस्तीस लिटर जळतं आणि वेग तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. वाऱ्यासाठी, चुकलेल्या अंदाजासाठी आणि वेळ आलीच तर दुसरीकडे वळण्यासाठी बाजूला काढून ठेवा, मग उरलेल्या पेट्रोलावर कंपासनं एक वर्तुळ काढा. त्या वर्तुळात दुसरं पिंप असेल तर पुढे जाता येतं, नसेल तर नाही. कॅनडातल्या लॅब्राडोरमधल्या गूज बेहून ग्रीनलंडच्या नार्सारसुआकपर्यंत सुमारे साडेबाराशे किलोमीटर अंतर आहे, बरंचसं समुद्रावरून. तो टप्पा या विमानाच्या वर्तुळात बसत नाही, म्हणून अशी विमानं पोचवणारे वैमानिक मागच्या सीट काढून तिथे जादा टाकी बसवतात आणि पेट्रोलच्या वासात तासन् तास बसून जातात. नार्सारसुआकची धावपट्टी अमेरिकन सैन्यानं 1941 मध्ये बांधली, ती युरोपकडे निघालेल्या लढाऊ विमानांना मध्ये टेकायला. एका युद्धानं टाकलेल्या पायरीवर पुढे कित्येक वर्षं हौशी लोक पाय ठेवत राहिले. नकाशावरच्या अशा ठिपक्यांना आपण ठिकाणं म्हणतो, पण प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी कधीतरी तिथे इंधन नेऊन ठेवलेलं असतं.

आणि ते नेणं सोपं नसतं. आर्क्टिकमधल्या कितीतरी वस्त्यांना रस्ताच नाही. समुद्रावरचा बर्फ फुटला की उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत जहाज येतं आणि वर्षाचं सगळं सामान उतरवून जातं. आज आपण जे पेट्रोल भरतो ते मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी कागदावर मागवलेलं असतं, आपण या वाटेनं येणार हे आपल्यालाच ठाऊक नसताना. चार्ल्स आणि ॲन लिंडबर्ग 1931 मध्ये उत्तरेच्या वाटेनं आशियाकडे निघाले तेव्हा त्यांच्यासाठी वाटेत जागोजागी इंधन ठेवायची व्यवस्था झाली होती. अलास्काच्या टोकाला, पॉइंट बॅरोला, ते पोचले, पण त्यांचं पेट्रोल घेऊन येणारं जहाज बर्फात अडकून पडलं होतं. विमान वेळेवर, जहाज नाही. टाकीत होतं तेवढ्यावर ते अलास्कातल्याच नोम गावाच्या दिशेनं निघाले, पण वाटेत अंधार पडला आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यावर विमान उतरवून त्यांनी रात्र त्यातच काढली. जगातला सर्वांत नावाजलेला वैमानिक आणि बिनतारी यंत्र सांभाळणारी त्याची बायको, दोघंही शेवटी एका जहाजाच्या आणि एका बर्फाच्या मर्जीवर. हा प्रसंग आठवला की मला धीर येतो. कुणीही कितीही मोठा असला तरी टाकी त्याचीही तेवढीच असते.

तर ते पिंप. ते आडवं ठेवलेलं होतं आणि दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत होती, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. आतून बूच पेट्रोलनं भिजलेलं राहतं, वॉशर सुकत नाही, आणि वरून पाऊस पडला तरी पाणी बुचावर साचत नाही. पिंप उभं ठेवलं तर वरच्या थाळीसारख्या भागात पाणी साचतं. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, आतली हवा आक्रसते आणि ते पाणी बुचातून हळूहळू आत ओढलं जातं. त्यानं पिंप घरंगळवत आणलं. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे नुसतं पेट्रोलच 144 किलोच्या आसपास, वर पत्र्याचं वजन. ते उभं केलं, एका कडेखाली लाकडाचा तुकडा सारून किंचित कलतं केलं आणि तसंच राहू दिलं, गाळ आणि पाणी खालच्या कडेला जमावं म्हणून. पंपाची नळी वरच्या कडेच्या बाजूला, तळापासून चार बोटं वर राहील अशी सोडली. तळाचं ते चार बोटं पेट्रोल कुणाच्याही टाकीत जात नाही. मग पिंप, पंप, नरसाळं आणि विमान तारेनं एकमेकांना जोडलं, कारण वाहत्या पेट्रोलानं स्थिर वीज तयार होते आणि कोरड्या थंड हवेत एक ठिणगी पुरते. हे सगळं त्यानं एक शब्द न बोलता केलं. त्याला घाई नव्हती. मला होती, डासांमुळे आणि भुकेमुळे. त्याचे हात बघताना ती हळूहळू ओसरली.

टाक्या भरल्या तरी पिंप अर्धंच रिकामं झालं. पैसे सबंध पिंपाचे द्यायचे असतात, बऱ्याच दूरच्या ठिकाणी हीच रीत आहे आणि ती मला रास्त वाटते. एकदा सील तुटलं की ते पेट्रोल अनोळखी माणसाला विकता येत नाही. उरलेलं घेऊन जावं तर विमानात जागा नाही, आणि वजन तर मुळीच परवडणारं नाही. संध्याकाळीच टाक्या काठोकाठ भराव्यात असं शिकवलेलं असतं, कारण अर्ध्या टाकीतल्या हवेतला दमटपणा रात्रीच्या गारव्यात आतल्या भिंतींवर पाणी होऊन उतरतो. पण भरलेली टाकी म्हणजे सकाळी जड विमान, आणि आखूड, मऊ खडीच्या पट्टीवर जड विमान उठायला वेळ घेतं. रात्रीच्या पाण्याची काळजी करायची की सकाळच्या वजनाची, हा हिशेब प्रत्येक मुक्कामी नव्यानं करावा लागतो. तो करताना कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

मग विमान बांधणं. मला या सगळ्या दिवसातलं हे काम सर्वांत प्रिय आहे. वाऱ्याकडे नाक, पंखांना एक-एक दोर, शेपटीला तिसरा, दोर फार ताणायचे नाहीत पण झोळही ठेवायचा नाही. खुंट्या धरत नसतील तर दगड पुरून त्यांना दोर बांधायचे. सुकाणूला कुलूप, वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडावर कापडी टोपी, कारण त्या बारीक भोकात घर करायला एखाद्या गांधीलमाशीला फार वेळ लागत नाही. इंजिनाच्या फटींत बोळे, पक्ष्यांसाठी. जुने उत्तरेकडचे वैमानिक हिवाळ्यात मुक्कामाला उतरले की इंजिन गरम असतानाच त्यातलं ऑइल डब्यात काढून घेत आणि तो डबा घरात शेगडीजवळ ठेवत. सकाळी इंजिनावर तंबू टाकून खाली स्टोव्ह पेटवायचा, मग गरम ऑइल परत ओतायचं आणि ते थंड व्हायच्या आत निघायचं. विमान बाहेर झोपायचं आणि त्याचं रक्त वैमानिकाच्या उशाशी. कुठे जनावरांची वेगळी काळजी. आफ्रिकेतल्या काही पट्ट्यांवर तरस टायर चावतात म्हणून चाकांभोवती काटेरी फांद्या रचून ठेवतात. अलास्कात 2009 मध्ये एका अस्वलानं लहानशा पायपर विमानाचं कापड टराटरा फाडलं होतं, आत मासेमारीच्या सामानाचा वास होता म्हणे. वैमानिकानं नवे टायर आणि चिकटपट्टीच्या गुंडाळ्या मागवल्या, सगळं विमान चिकटपट्टीनं शिवल्यासारखं केलं आणि ते उडवत घरी नेलं. त्याची छायाचित्रं बघून लोकांना मजा वाटते. मला त्या माणसाची रात्र आठवते, विमान फाटलंय आणि सगळीकडे नुसतं रान आहे अशी.

त्या संध्याकाळी माझा सहवैमानिक आत हवामानाचे अंदाज बघत बसला होता आणि मी शेडच्या दारात डासांच्या जाळीआड उभी होते. तो माणूस हात पुसत आला. मला काहीतरी बोलायचंच होतं. म्हटलं, मघाशी पेट्रोल बघत होते, तुमच्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ नव्हता. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, आपण कशाबद्दल बोलतोय ते त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "मी टक लावून बघत राहिलो असतो तर तुम्ही संकोचानं लवकर आटपलं असतं. म्हणून तिकडे बघत होतो." थोडं थांबून म्हणाला, "मागे एकजण न बघताच झाकण लावून गेला. तो पुढच्या मुक्कामी पोचल्याचा निरोप येईपर्यंत मला काही सुचेना."

मला यावर बोलता आलं नाही.

त्यानं मला वेळ दिला होता. त्यानं स्वतः तपासलं होतं, पिंप कलतं केलं होतं, नळी वर ठेवली होती, आणि त्यानंतरही तो धरून चालला होता की आपल्याकडून काहीतरी सुटलं असेल. ते पकडायला दुसरे डोळे हवेत म्हणून त्यानं ते डोळे मोकळे सोडले. आम्ही एकाच टाकीच्या दोन बाजूंना उभे होतो आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. मी उगाच त्याला पाहुणचार करणारा आणि स्वतःला खोट काढणारी पाहुणी ठरवून बसले होते. अशा ठिकाणी विश्वास ठेवणं आणि तपासणं ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, हे मला पुस्तकात कुणी सांगितलं असतं तर पटलंही असतं. पण ते एका माणसाच्या मान वळवण्यात बघायला मिळालं, म्हणून ते मनात राहिलं असावं.

रात्री झोप नीट लागली नाही. अंधार होतच नव्हता. पडल्या पडल्या मला अबुकीर आठवत होतं. 1930 सालची गोष्ट. आगा खानांनी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधलं अंतर एकट्यानं उडत पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी. जेआरडी टाटा कराचीहून निघाले होते आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेनं येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर अस्पी तिथे अडकून पडलेले, स्पार्क प्लगसाठी. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. अस्पी पुढे गेले, आणि बक्षीस त्यांनी काही तासांच्या फरकानं जिंकलं. ही गोष्ट आपण जेआरडींच्या मनाचा मोठेपणा म्हणून सांगतो आणि तो होताच. पण अशा मुक्कामांवर राहिलेल्या माणसाला त्यात आणखी काहीतरी दिसतं. वाळवंटाच्या कडेला एक विमान उभं आहे, ते उडू शकत नाही, आणि तुमच्या डब्यात त्याला लागणारी वस्तू आहे. तिथे स्पर्धा आठवायला बरंच दूर जावं लागत असेल. स्वतः उडालेला माणूस दुसऱ्याचं जमिनीवर अडकलेलं विमान सहज बघू शकत नाही.

सकाळी पंखांवर दहिवर गोठलं होतं. पातळ, खरखरीत, हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरसारखं. दिसायला सुंदरच. पण मध्यम किंवा जाड पॉलिश पेपरइतका खरखरीतपणा पंखावर असेल तर उचल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा रोध 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. भरलेल्या टाक्या आणि आखूड पट्टी यांच्या जोडीला हे नको होतं. आम्ही विमान फिरवून पंख उन्हाकडे केले आणि वाट बघत बसलो. अशा मुलखात वाट बघणं हा उडण्याचाच भाग आहे, आणि माझ्या मते अवघड भाग. इंजिन ठीक असतं, टाकी भरलेली असते, आकाश इथे निळं असतं, आणि पुढच्या मुक्कामी ढग जमिनीला टेकलेले असतात. निघावंसं वाटणं इतकं तीव्र असतं की माणूस अंदाजातली एखादी बरी ओळ शोधून तिलाच धरून बसतो. माझ्या सहवैमानिकाचा एक नियम आहे: परत फिरायला पुरेल एवढं पेट्रोल जोवर टाकीत आहे, तोवरच पुढचं हवामान हा आपल्या निवडीचा प्रश्न असतो. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही निघालो नाही. उन्हानं दहिवर उतरलं, पंख ओले झाले आणि सुकले, ढग काही उचलेनात. तो माणूस दोनदा येऊन बघून गेला आणि दोन्ही वेळा त्यानं विचारलं नाही, कधी निघणार म्हणून.

त्या उरलेल्या अर्ध्या पिंपावर त्यानं खडूनं तारीख घातली आणि 'उघडलेलं' असं लिहिलं. म्हणाला, ठेवतो, कुणी अडलेला आला तर. येणारा ते घेईल का? मी असते तर सील तुटलेल्या पिंपाला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार केला असता. आधीचं कोण होतं, झाकण घट्ट लावलं होतं का, पाऊस किती झाला. म्हणजे आम्ही जे मागे सोडलं ते धड देणंही नव्हतं. ज्याला अगदीच गरज असेल आणि ज्याला तपासायची सवय असेल, त्याच्यापुरतंच ते होतं.

आणि आता मला काळजी आहे ती अशा सगळ्याच पिंपांची. शंभर एलएलमध्ये शिसं असतं, लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत. मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं 2021 मध्ये जगातून संपलं, विमानांच्या पेट्रोलमधलं राहिलं. अमेरिकेत ते 2030 अखेरपर्यंत हद्दपार करायचं ध्येय आहे, आणि अलास्काला 2032 अखेरपर्यंत मुभा आहे, कारण तिथल्या कितीतरी वस्त्यांचं दळणवळण लहान विमानांवर चालतं. शिसं जायलाच हवं. ते मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि याच्यापुढे माझ्या हौशीला काहीही किंमत नाही. पण दूरच्या पट्ट्यांवर काय होतंय तेही मला दिसतं. तिथे येणारी हेलिकॉप्टरं आणि टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्या जातीच्या इंजिनानं पंखा फिरवणारी, विमानं जेटचं इंधन मागतात, वर्षाकाठी थोडी पिंपं लागणाऱ्या पिस्टन विमानांसाठी वेगळं पेट्रोल मागवणं जिवावर येतं, आणि एखाद्या उन्हाळ्यात ते मागवायचंच राहून जातं. जेटच्या इंधनावर चालणारी पिस्टन इंजिनं आता आहेत, बिनशिशाची पेट्रोलंही आली आहेत. पण पिंपात भरून, जहाजातून, बर्फाच्या कडेपर्यंत ती पोचायला अजून वेळ लागेल. मधल्या वर्षांत काही वर्तुळं एकमेकांना टेकणार नाहीत. निघण्याआधी फोन करून विचारावं लागेल, पेट्रोल आहे का. मला वाटतं, तो माणूस असेपर्यंत तिथून उत्तर तरी खरं येईल, आणि पिंप अर्धं असेल तर तो तेही सांगेल.